माझा वेगळा कप

आधीच सांगते, माझी शाळा चौथीपर्यंत. ऱ्हस्व-दीर्घ जमत नाही, अक्षर तर वाकडंच. हे कोणाला दाखवायला लिहीत नाही, पण कोणी वाचलंच तर सांभाळून घ्यावं. तोंडानं मला चारचौघांत बोलता यायचं नाही.

"थुंक! आधी थुंक ते पाणी!"

दुबईत मी ज्यांच्याकडे कामाला होते त्या मॅडम ओरडल्या, आपल्या अडीच वर्षांच्या बाळावर. त्याला तहान लागली आणि ते माझ्या ग्लासातलं पाणी प्यायलं. दिवसभर ते माझ्या कडेवर असायचं. माझ्या हातचा वरणभात खायचं, माझ्या खांद्यावर लाळ गाळत झोपायचं. ते चालायचं. ग्लास चालला नाही.

"मावशी वॉटर, मम्मा," बाळ म्हणालं. मॅडमनी त्याचं तोंड खसाखसा धुतलं. मग माझ्याकडे वळल्या. "तुझा ग्लास खाली ठेवायचा म्हणून किती वेळा सांगितलं? अक्कल नाही?"

खाली म्हणजे सिंकखाली, फिनेलच्या बाटलीशेजारी. दुबई मरीनातलं घर, खिडकीतून समुद्र दिसतो. माणसं पुण्याची, शिकलेली. पहिल्याच दिवशी माझं आडनाव विचारलं, मग गावातली वस्ती. त्याच संध्याकाळी माझा ग्लास खाली गेला.

आणि मी काय म्हणाले? "सॉरी मॅडम."

दोन वर्षांनी विसा संपला तसं ते घर सोडलं. दुबईतल्याच इंटरनॅशनल सिटी भागात एका खोलीत बेड भाड्यानं घेतला. तिथल्या एका फिलिपिनो बाईनं मला जपानी पाळणाघरात नेलं. कंपन्यांत नोकरीला आलेल्या जपान्यांची तान्ही-रांगती मुलं तिथे असतात. पाळणाघर चालवणाऱ्या बाईंना सगळे सेन्सेई म्हणतात, म्हणजे शिक्षक.

त्या लोकांत सगळं नव्यानं शिकावं लागलं. काढलेल्या चपलांची तोंडं दाराकडे करायची. मूल पडलं तर धावायचं नाही, ते आपलं आपण उठेपर्यंत थांबायचं. माझा जीव तुटायचा. दोन मिनिटं उशीर झाला तर कोणी बोलत नाही, फक्त चेहरा बंद होतो. तेही टोचतंच.

पण पहिल्या दिवसाचं सांगते. जेवणाच्या वेळी सेन्सेईंनी माझ्यापुढे एक कप ठेवला. म्हणाल्या, "धिस युवर कप. ओन्ली यू."

माझं डोकं फिरलं. इथेही? समुद्रापलीकडच्या लोकांनासुद्धा माझं आडनाव कळलं? मी कप ढकलला. "नो. सेपरेट कप, नो."

जन्मात पहिल्यांदा मी कोणाला नाही म्हणाले.

सेन्सेई गोंधळल्या. त्यांनी कपाट उघडलं. प्रत्येकाचा कप वेगळा. प्रत्येक मुलाचा, आयाचा, त्यांचा स्वतःचाही. त्यांच्यात तशीच पद्धत आहे. सगळे कप एका फळीवर. माझी जागा सेन्सेईंच्या कपाला लागून.

मला रडू आलं नाही. संताप आला. ज्यांची भाषा मला कळत नाही ते मला फळीवर जागा देतात आणि माझ्याच भाषेत बोलणारी मला फिनेलजवळ ठेवते. आणि मी तिला सॉरी म्हणत होते!

नव्या विसाचे कागद झाले तेव्हा मी सेन्सेईंना विचारलं, महिन्याला किती कापणार? त्यांना प्रश्नच कळेना. विसाचा खर्च मालकाचा, इथला कायदाच आहे, म्हणाल्या. मॅडमनी दर महिन्याला अडीचशे दिरहम कापले होते. म्हणजे महिन्याचे जवळजवळ सहा हजार रुपये. दोन वर्षं.

मी फोन लावला. "मॅडम, विसाचे कापलेले पैसे परत द्या."

"अगं, तुला दुबई दाखवली कोणी? उपकार विसरलीस?"

"पैसे द्या. नाहीतर तक्रार करते."

त्या हसल्या. "तुला तक्रार लिहिता तरी येते का गं?"

"सांगता येते."

त्यांनी फोन ठेवला.

आधी अर्धेच आले. "बाकीचं सोड आता," म्हणाल्या. मी सोडलं नाही. शेवटी एका शुक्रवारी मॅडमचे साहेब पाकीट घेऊन त्यांच्या बिल्डिंगच्या लॉबीत उतरले. "मावशी, यल्ला, चला, खलास करा हा विषय."

मी तिथेच, वॉचमनसमोर, एकेक नोट मोजली. साहेब घड्याळ बघत उभे राहिले. राहू दे.

विषय खलास नाही. त्यांच्याकडे आता नेपाळची एक मुलगी आहे. बाळाला खाली बागेत आणते, तिथे मी तिला गाठलं. तिचाही पगार कापतात. पुढच्या सुट्टीला मी तिला घेऊन तक्रारीला जाणार आहे. बोलायला मी आहे.

माझे पैसे पूर्ण परत आले. तिचेही पूर्ण घेणार.