स्टुलावर न बसणारी

जिल्ह्यात बॉक्सिंगच्या सगळ्यात वरच्या वजनी गटात आम्ही दोघीच होतो. मी नाशिकची, ती हरसूलची. बाकीच्या मुली लढत लढत अंतिम फेरीला पोचायच्या. आम्ही वजनकाट्यावर उभ्या राहिलो की थेट फायनल. घरी माझ्या थोराड अंगाचं कौतुक कुणालाच नव्हतं, हिचं लग्न कसं जमायचं एवढीच काळजी. पण राज्य स्पर्धेत पदक मिळालं तर खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरी लागणार होती. मला ती हवी होती, अगदी हावरटासारखी हवी होती.

दोन वर्षं मी तिच्याकडून हरले. ठोसा माझाच जड होता. पण दोन फेऱ्यांच्या मधल्या मिनिटात मी स्टुलावर बसून धापा टाकायची, आणि ती समोरच्या कोपऱ्यात ताठ उभी. स्टुलाकडे ढुंकूनही बघायची नाही, माझ्याकडे बघायची. तिथेच माझं अवसान गळायचं.

आमचे सर मोबाइलवर जुन्या हेवीवेट जगज्जेत्यांच्या लढती दाखवायचे. "हा बघ, घंटेआधीच हरलाय. नजर खाली गेली ना?" त्यांचं म्हणणं, या गटात ताकद सगळ्यांकडेच असते, आधी मोडतं ते मन. मला ते नको तितकं पटलं. तिसऱ्या वर्षी ठरवलं, आपणही बसायचं नाही.

पहिली फेरी मी जिंकले. सरांनी स्टूल सरकवलं. "बस." मी उभीच. "अगं, बस की, दम खा जरा." मी तिच्या डोळ्यांत डोळे घातले. तिचा चेहरा बदलला आणि मला वाटलं, मोडली. दुसऱ्या फेरीत ती अशी तुटून पडली की मला काही सुचेना. तिसरीत माझे हातच वर येईनात. तीच राज्याला गेली.

गेल्या महिन्यात आईला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर बाकावर ती, शेजारी काठी. हाक तिनंच मारली. बसून करायचं काम म्हणून त्र्यंबकेश्वरला एका खानावळीत पोळ्या लाटते म्हणाली. मी न राहवून विचारलं, "तू कधी बसायचीच कशी नाहीस गं? काय मन होतं तुझं!"

"मन कसलं? गुडघा गेल्याला. एकदा बसले का उठता यायचं नाय. सांगितलं असतं तर कोण खेळू देणार?"

तिनं काठी मांडीवर घेतली.

"त्या साली तर लय दुखत होता. दुसऱ्या फेरीला उतरायचंच नाय, असं ठरवलं होतं मी. तेवढ्यात तूबी उभी राहिली. मला वाटलं, हिला कळलंय, चिडवती मला. डोकंच फिरलं."

"आणि राज्याला?"

"पहिल्याच लढतीत गुडघा निसटला. उचलूनच बाहेर आणलं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं, मी भांडले तरी असते. माझं भरतीचं वय उलटून गेलंय, तिचा पाय आता सरळ होत नाही. एक मिनिट मी मुकाट्यानं बसले असते, तर दोघींचंही भलं झालं असतं. एकीचंही झालं नाही.