मायच्या खोलीचा ओला रंग

आधीच सांगून ठेवते, भुताखेतांच्या गोष्टींना मी आयुष्यभर हसत आलेली बाई आहे. जळगावला आमचं हार्डवेअर आणि रंगाचं दुकान आहे, काउंटरवर मीच बसते. दाराला लिंबू-मिरची बांधायला येणाऱ्याला मी हाकलून लावते. माझं तोंड फटकळ आहे हे सगळ्या नात्यात माहीत आहे... तेव्हा कुणाला घाबरवायला हे लिहीत नाहीये.

माझं माहेर धुळ्याला, देवपुरात. तिथे मोठा भाऊ, वहिनी, त्यांचा मुलगा आणि आमची माय. समोरची हवेशीर खोली मायची. पुतण्याचं लग्न ठरलं आणि भाऊने घराचं रिनोव्हेशन काढलं. तेवढ्यापुरती म्हणून मायची खाट मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली.

मे लागेपर्यंत काम शेवटाला आलं. मायच्या खोलीच्या भिंतींना लांबी म्हणजे पुट्टी भरून झाली, रंग झाला, दाराच्या चौकटीभोवती नक्षीची लाकडी पट्टी ठोकून तिला चॉकलेटी ऑइलपेंट दिला. डबा आमच्याच दुकानातला. रंगारी सामान उचलून गेले, तरी माय शेडमध्येच! फोनवर विचारलं की तिच्या अहिराणीत म्हणायची, "चौकटना रंग आजून ओला शे. भाऊ सांगस, लुगडाले लागी जाई."

खानदेशातला मे महिना आणि ऑइलपेंट ओला? एका रात्रीत खडखडीत वाळतो तो. खोली नव्या सुनेसाठी ठेवायची होती, आणि मायला तोंडावर सांगायची हिंमत नव्हती, म्हणून हा बहाणा. पोटात एक आणि ओठात एक! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दुसऱ्याच दिवशी धुळ्याची बस धरली.

दुपारी पोचले. भाऊ कामावर गेलेला. पाण्याचा ग्लाससुद्धा न घेता मी आधी त्या खोलीकडे गेले. आत एसी लावून पुतण्या मोबाइल बघत पडलेला. मी चौकटीवर तळहात फिरवला, पट्टीच्या खाचेत नख घातलं — कोरडी. मुद्दाम खांदा टेकून उभी राहिले. माझ्या फिक्या साडीला ठिपकासुद्धा लागला नाही.

वहिनी म्हणाली, "ताई, त्यांना मागेच बरं पडतं. बाथरूम जवळ आहे."

शेडमध्ये पत्रा नुसता भाजत होता. माय भिजवलेला पंचा डोक्यावर घेऊन खाटेवर बसली होती. मला रडूच आलं. म्हटलं, "माय, ऊठ. रंग कधीच वाळलाय. भाऊ खोटं बोलतोय तुझ्याशी."

तिने असं पाहिलं जसं काही मीच गुन्हा केलाय. "मना पोऱ्या खोटं बोलस नही."

"मग चल, स्वतः हात लावून बघ."

तिला धरून आणलं. उंबऱ्यापाशी तोल सावरायला तिने उजवा तळहात चौकटीवर टेकवला. काढला, तर आख्खा तळवा चॉकलेटी. ओला, चकचकीत... करंगळीवरून एक ओघळ मनगटाकडे निघालेला.

मी लगेच त्याच जागी हात लावला. कोरडं! तिच्या हाताचा ठसासुद्धा चौकटीवर नव्हता.

माय मात्र खुलली. "दख! ओलाच शे ना? तू उगाच भाऊले नावं ठेवस. वाळी जाई, मंग जासू मी. घाई काय शे?"

वहिनी पांढरीफटक पडली होती. पण लगेच सावरून म्हणाली, "बघा ना! आम्ही तेच तर सांगत होतो."

मी ओरडले, मायला आत ओढायला लागले. ती ऐकेना. नव्या कामाला डाग पडेल म्हणून हात भिंतींपासून लांब धरून, एकटीच मागे चालत गेली. जळगावला चल म्हटलं तर म्हणाली, "लगीननं घर शे, कशी येऊ?" मी हात हलवत परत आले.

आठवडाही झाला नाही तोच माय गेली. भर दुपारी, त्याच शेडमध्ये. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं.

आम्ही बायकांनी तिला आंघोळ घातली तेव्हा तो तळवा अजून ओला होता. साबण लावला, रॉकेल लावलं. टॉवेल रंगाने भरला, तळवा तसाच राहिला. अंगणात तिरडीवर ठेवलं तेव्हा भाऊचं लक्ष गेलं. रडून डोळे सुजले होते त्याचे.

"हे काय लागलंय मायच्या हाताला?"

"तुझ्या चौकटीचा रंग," मी म्हटलं. "ओला होता ना?"

"काहीतरी बोलू नको! चौकट तर कधीच वाळली होती. पोरगा झोपत होता तिथे!"

आत्या, काका, शेजारीपाजारी, सगळ्यांनी ऐकलं. मग त्याचं त्यालाही ऐकू आलं असावं, कारण तो मटकन खालीच बसला. त्याला उठवायला कुणी गेलं नाही. मीही नाही.

त्या डब्यातला उरलेला रंग मी दुकानात आणून फळीवर लावून पाहिला. सकाळी वाळलेला. कंपनीच्या माणसाला विचारलं, तो हसला. माझ्याकडे याचं काहीही स्पष्टीकरण नाही.

एक मावशी म्हणाली, तिचा लेकावरचा विश्वास देवाने राखला. मला मात्र संताप येतो. जे काही होतं, त्याला एवढं करता येत होतं, तर माझ्या मायला एक दुपार त्या गार खोलीत का निजू दिलं नाही? लबाडाची बाजू कशाला घेतली? तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर सांगा... पण आईची माया वगैरे मला सांगू नका.