टोपी काढायची जागा

टेमर ऑल्डरसन सत्तरीला आली तरी शेजारचा सेथ तिला 'पोरी'च म्हणायचा. यॉर्कशरच्या त्या खोऱ्यात बाई मरेपर्यंत पोरच असते. टेमरची सतरा वावरं आणि सतराही वावरांना नावं. रोज दगडी गडग्यांच्या कडेने फिरताना ती नावं घ्यायची, मास्तर हजेरी घेतात तशी. वडिलांनी तिच्याकडून ती तशीच पाठ करून घेतली होती.

सगळ्यात वरचं हॅलीकेल्ड. नुसता खडक आणि वाळकं गवत. तिथे एका जागी गडगा कारण नसताना बाहेर वळसा घ्यायचा. त्या वळणाशी आले की वडील टोपी काढत, तीन पावलं चालत आणि पुन्हा घालत. आजोबाही तसंच करायचे म्हणे. का, ते कुणी विचारलं नाही. टेमर डोक्याचा रुमाल मागे सारायची, एवढंच.

एकोणीसशे शहात्तरच्या उन्हाळ्यात ओढा आटला, विहीर आटली. मेंढ्या दगड चाटू लागल्या. शेवटी टेमरने कळप विकायला काढला. सोमवारी ट्रक येणार होता.

"पाऊस पडला की दुसऱ्या आण," सेथ तोंडातली चिलीम न काढता म्हणाला.

"आणते. आणि त्यांना डोंगर कोण दाखवणार, तू?"

वावरांच्या वरच्या त्या डोंगराला कुंपण नव्हतं. आपली हद्द कुठे संपते हे कोकरू आईकडून शिकायचं, आई तिच्या आईकडून. कळप गेला की ती शिकवणही गेली, आणि ती कुठल्याच बाजारात विकत मिळत नाही.

शनिवारी शाळेतल्या मिस टॅलन्टायर वही घेऊन आल्या. पोरांसाठी त्या खोऱ्यातल्या वावरांची नावं उतरवून घेत होत्या. टेमरने हजेरी घेतली. सतराव्या नावाला, हॅलीकेल्डला, बाईंची पेन्सिल थांबली.

"हे कशावरून पडलं?"

"कुणी हॅली नावाचा म्हातारा होता. वरच्या केल्ड गावचा."

"माझा आजा सांगायचा त्याच्याबद्दल," दाराला टेकलेला सेथ म्हणाला. "भारी चिक्कू होता. एका डोळ्याने आंधळा."

"सेथ, असा माणूस झालाच नाही," बाई प्रत्येक अक्षर धुऊन वाळत घालावं तशा बोलल्या. "हजारेक वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून लोक आले, त्यांच्या भाषेत केल्ड म्हणजे झरा. ते गावही झऱ्यावरूनच. आणि हॅली हा त्यांच्याही आधीच्या लोकांचा शब्द. पवित्र."

"मग आजाने डोळा कुणाचा फोडला?" सेथ पुटपुटला.

टेमरला ते ऐकू आलं नाही. तिला वडिलांचा टोपी धरलेला हात दिसत होता. त्यामागे आजोबांचा, त्यामागे ज्यांची नावंही उरली नाहीत अशांचे हात. सगळे त्याच तीन पावलांवर. पाणी दिसेनासं झालं, कशाला नमस्कार करतो हे माणसं विसरली, पण ना नाव सुटलं ना नमस्कार. आणि आपण ते नाव जन्मभर रोज मोठ्याने म्हणत आलो. भर उन्हात तिच्या अंगावर काटा आला.

"सेथ, पहार घे."

"वेडी झालीस का, पोरी? तिथे खडक आहे नुसता."

"गडगा घालणारा एकही दगड फुकट लावत नाही. तो वळसा कशासाठी घातला असेल त्याने?"

वळणाच्या आत, टोपी काढायच्या जागेवर त्यांनी खणलं. दुपार कलली. कमरेइतक्या खोलीवर पहार टणकन वाजली. खाली माणसाच्या हाताने बसवलेली सपाट फरशी होती. दोघांनी ती कण्हत कुंथत उचलली. खाली काळोख, आणि काळोखात काहीतरी हललं. टेमरने हात घातला तो कोपरापर्यंत ओला आणि गारठून बधिर होऊन आला. चर्चमध्येसुद्धा कुरकुरत निघणारी सेथची टोपी कधी हातात आली, त्यालाच कळलं नाही.

सोमवारी ट्रक आला तेव्हा कळप वरच्या वावरात, खड्डा भरून वर आलेल्या पाण्याभोवती दाटीवाटीने उभा होता.

"मेंढ्या जायच्या नाहीत," टेमर म्हणाली. "फेरा फुकट गेला तुझा. चहा घे."

"चहा राहू दे, काकू. चढावर इंजिन तापलंय. आधी त्याला पाणी कुठे मिळेल?"

"हॅलीकेल्डला," टेमर म्हणाली. नाव तेच, पण आज ते तोंडात गार लागलं. "गडग्याच्या वळणाशी जा. आणि बाळा, तिथे टोपी काढ हं."