जावकबाईंचं दुसरं टेबल

चौथ्या मजल्यावर आवक-जावक सांभाळणाऱ्या बाईंना सगळं ऑफिस जावकबाई म्हणायचं. सव्वीस वर्षं प्रत्येक कागद त्यांच्या हाताखालून गेलेला, त्यामुळे साहेबलोकांची भाषा त्यांना तोंडपाठ. कुणी नवखा शेरा घेऊन गोंधळून आला की बाई चष्म्यावरून बघत सांगायच्या, “‘चर्चा करावी’ म्हणजे साहेबांना कळलं नाही. ‘तपासून सादर करावे’ म्हणजे वाचलंच नाही. आणि ‘योग्य ती कार्यवाही व्हावी’ म्हणजे, बाबा रे, माझ्या डोक्याला ताप नको!”

पण यंदा अर्ज त्यांचा स्वतःचाच होता. गुडघ्यांनी हात टेकले होते आणि लिफ्ट तर इमारतीच्या नशिबातच नव्हती. डॉक्टरीणबाईंनी दम भरला, “जिने सोडा, नाहीतर नोकरी सोडा.” नोकरीची चार वर्षं उरलेली. घरी बसून जाऊबाईंच्या सूचना ऐकायच्या? छे! बाईंनी लिहिलं, ‘गुडघे दुखतात, तळमजल्यावर टेबल मिळावे.’ साहेबांनी शेरा मारला, ‘योग्य ती कार्यवाही व्हावी.’ खाली झोकदार सही.

अर्ज फर्निचर विभागात गेला. तिथल्या महाभागाने त्यातलं ‘टेबल मिळावे’ एवढंच उचललं. तीन आठवड्यांनी दोन हमाल घामाघूम होऊन नवंकोरं टेबल घेऊन आले, चौथ्या मजल्यावर!

“टेबलं दोन झाली, गुडघे तेच राहिले!” बाई फोनवर कडाडल्या.

“बाई, तुमचं प्रकरण निकाली निघालं,” महाभाग म्हणाला.

बाईंना रडूच फुटणार होतं. टेबलासोबत परत आलेला अर्ज त्यांनी पुन्हा उघडला. योग्य ती कार्यवाही. कोणती, कुणी करायची, काही म्हणजे काही लिहिलेलं नव्हतं. सही मात्र होती.

अजून दम खात बसलेल्या हमालांना बाई म्हणाल्या, “उचला. खाली, दाराजवळच्या खिडकीपाशी.”

तासाभरात साहेब तरातरा खाली आले. “हे कुणाच्या हुकमाने?”

बाईंनी कागद पुढे केला. “तुमच्याच, साहेब.”

“माझा अर्थ असा नव्हता!”

“मग कसा होता, साहेब?”

आख्ख्या नोकरीत हा प्रश्न साहेबांना कुणी विचारलाच नव्हता. त्यांनी पेन काढून कागदावर ‘पाहिले’ असं लिहिलं आणि ते जिन्याकडे वळले.

बाईंनी कागदावर जावक क्रमांक टाकला. पहिल्या मजल्यावरून साहेबांची धाप ऐकू आली, तशा त्या खालूनच ओरडल्या, “कठडा धरा हो, साहेब! मी सव्वीस वर्षं तेच केलं!”