विमलअक्काने मोजलेला काठ

विमलअक्काच्या मागच्या भिंतीवर तांबडी खूण दिसली ती एका मंगळवारी सकाळी. एक बाण आणि खाली दोन आकडे. अक्काने ती बघितली, आत जाऊन रॉकेलचा बोळा आणला आणि भिंत घासून पुसून काढली. मग मला हाक मारली.

"रूपा, काल माझ्या मागच्या दारी कोण आलं होतं गे?"

मी तिच्यापासून एक घर सोडून राहते. मधलं घर सवितामावशीचं. जुन्या हुबळीतल्या आमच्या बोळातल्या या तीन घरांची मागची दारं हळ्ळावर उघडतात. कागदोपत्री तो नाला, पण आमच्याकडे हळ्ळच म्हणतात. तळ्याचं जादा पाणी शहरातून खाली नेणारा ओढा तो. आमच्या अंगणांच्या टोकाला जुन्या दगडी पायऱ्या पाण्यात उतरतात. अक्काचे आजेसासरे मिरजेहून इथं आले, ते रंगारी होते, आणि रंगवलेलं कापड याच पायऱ्यांवर धूत.

तळ्यापासून खालच्या दगडी पुलापर्यंत, हळ्ळाच्या काठाकाठानं चालायची आणि सायकलची वाट करायचं काम तीन वर्षं चाललं होतं. वाटेत जुनं देऊळ, दर्गा, पायऱ्यांची विहीर. दोन्ही टोकं झाली होती. दिवे लागले, बाकं बसली, धारवाडची माणसंसुद्धा रविवारी चालायला येत होती. राहिला होता तो मधला तीनशे फुटांचा तुकडा. चालणारे पत्र्याच्या आडोशापर्यंत यायचे आणि माघारी फिरायचे.

ती वाट सगळी पलीकडच्या काठानं आलेली. आता मात्र ती एका लोखंडी पुलावरून अलीकडे येणार, आमच्या तिन्ही अंगणांतून जाणार आणि पुन्हा दगडी पुलाला मिळणार, असं कळलं. पायऱ्यांवर काँक्रीट पडणार होतं.

अक्का संशयी आहे हे अख्ख्या बोळाला ठाऊक आहे. ती शिवणकाम करते, दुर्गदबैलच्या बाजारातून कापड आणते, आणि दुकानदारानं मोजून दिलेलं कापड त्याच्याच गादीवर बसून पुन्हा मोजते. "अम्मा, चाळीस वर्षं झाली, आता तरी विश्वास ठेवा," असं दुकानदार हसून म्हणतो. अक्का हसत नाही. नवरा गेला त्या वर्षी दिरांनी रेशनकार्डाचा कागद म्हणून तिची सही घेतली होती. महिनाभरानं रस्त्यावरची पुढची खोली त्यांच्या नावावर झालेली तिला समजली. तेव्हापासून तिने पोस्टमनच्या वहीशिवाय कुठं सही केलेली नाही.

म्हणून प्रसाद नावाचा वाटेच्या कामावरचा तरुण इंजिनिअर संमतीचा कागद घेऊन आला तेव्हा काय होणार ते मला आधीच दिसत होतं. तो कन्नडमध्ये गोड बोलला. "अम्मा, बरी ओंद सही," म्हणजे फक्त एक सही.

"बेडा," अक्का म्हणाली. नको. "वाट पलीकडं होती ना? मग अलीकडं कशाला वळली?"

"नकाशात पहिल्यापासून असंच आहे."

"पहिल्यापासून म्हणजे कधीपासून?"

तो तारीख शोधत हातातले कागद चाळू लागला. अक्काने दार लावून घेतलं. आतून मला म्हणाली, "बघितलंस? उत्तर नाही त्याच्याकडं. शिलाईसुद्धा उगाच वळत नाही गे. वळते तिथं खाली काहीतरी असतं."

चार दिवसांनी तिने तोच प्रसाद सवितामावशीच्या पडवीत चहा पिताना बघितला. मावशी त्याला काहीतरी समजावून सांगत होती आणि तो मान हलवत होता. दुसऱ्या दिवशी भिंतीवर खूण परत आली, या वेळी मावशीच्या बाजूला दोन हात सरकलेली.

अक्काने एवढ्यावरून सगळं जुळवलं; खूण कुणीकडं सरकली याकडं रागात तिचं लक्षच गेलं नाही. नळावर पाच-सहा बायका होत्या. त्यांच्यासमोर ती मावशीला म्हणाली, "तीस वर्षं माझ्या चुलीवर हात शेकलास, आणि आता माझं अंगण दाखवून देतेस होय त्यांना?"

सवितामावशीची घागर अर्धी भरली होती. ती तशीच उचलून मावशी घरी गेली. अक्का मला म्हणाली, "बघ, बोलायला तोंड नाही." मला तसं वाटलं नव्हतं, पण मीही गप्प बसले. ते मला आजही खुपतं.

त्यानंतर अक्काने मला एक वही घ्यायला लावली. आम्ही दोघी तळ्याच्या टोकापासून निघालो. ती आपल्या शिवणाच्या टेपनं वाटेची रुंदी मोजायची, मी लिहायची. चालणारे वळून बघत. एका सायकलवाल्यानं विचारलं, "अज्जी, गालिचा शिवताय काय?" अक्काने त्याला बाजूला व्हायला सांगितलं. दहा फूट, दहा फूट, पुन्हा दहा. वाटेच्या वरच्या कडेला ठरावीक अंतरावर हद्दीचे जुने दगड होते, त्यांचीही तिने मोजणी केली. पत्र्याच्या आडोशाच्या थोडं आधी एक मंगल कार्यालय आहे. त्याच्या मागं वाट एकदम साडेसहा फुटांवर आली. हद्दीचा दगड तिथं नव्हताच. आणि पुढं तर कार्यालयाची उंच भिंत सरळ पाण्याच्या काठापर्यंत आली होती.

"दगड आत आहे," अक्का म्हणाली.

"आत कसं जाणार?"

"लग्नाला जातात तसं."

पुढच्या मुहूर्ताला ती जरीकाठाचं लुगडं नेसून आली. मी माझी एकुलती एक चांगली साडी काढली. दारात एका पाहुण्यानं विचारलं, "कुणाकडच्या?" मी म्हणाले, "मुलीकडच्या," आणि त्याच क्षणी अक्का म्हणाली, "मुलाकडच्या." तो गोंधळला, आम्ही आत शिरलो. अक्काने मला बजावलं होतं, पाणीसुद्धा प्यायचं नाही, खाल्लं की मिंधेपण आलं. पंगतीच्या कडेनं आम्ही स्वयंपाकघरामागं गेलो. तिथं बायका मोठी पातेली घासत होत्या. त्यातली एक ज्यावर पातेलं टेकवून घासत होती तो हद्दीचाच दगड होता, भिंतीच्या आत चांगला पंधरा-सोळा फुटांवर. बाहेरच्या दगडांवर होती तशीच फुली त्याच्यावर कोरलेली. म्हणजे स्वयंपाकघराची मागची बाजू हळ्ळाच्या जागेवर उभी होती. ती वाचवायला वाट आमच्याकडे वळवली होती.

अक्का त्या दगडाकडे बघत उभी राहिली. तिला आनंद झाला असेल असं मला वाटलं. पण ती फक्त म्हणाली, "आता कोण कोण यात आहे ते बघू."

वही घेऊन आम्ही प्रसादच्या ऑफिसात गेलो. त्यानं आकडे वाचले आणि आधी हसला. "अम्मा, कापडाच्या टेपनं सर्व्हे होत नाही." मग फुलीचा दगड कुठं आहे ते मी सांगितलं, तेव्हा त्याचं हसू गेलं. तो उठला, दार ओढून घेतलं.

"मी आठ महिन्यांपूर्वी इथं आलो. मला मिळालेल्या नकाशात वाट तुमच्याच बाजूला होती. आधीचा नकाशा मी बघितलेला नाही."

"असं सगळेच म्हणतात," अक्का म्हणाली.

त्यानं वहीतले आकडे उतरवून घेतले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पोलादी टेप घेऊन एकटाच आला. दोघांनी मिळून सगळं परत मोजलं. अक्काची टेप ओढून ओढून सैल झालेली, दर दहा फुटांना तीन बोटं फरक पडत होता. तिने त्याच्या टेपवर दोनदा संशय घेतला, मग आपली टेप गुंडाळून पिशवीत टाकली. कार्यालयामागं वाट तरीही अरुंदच निघाली. दगड तरीही आतच होता.

पुढचं काम कागदांचं होतं, ते चांगलं दहा महिने चाललं. जुना मोजणीचा नकाशा निघाला. त्यात दोन्ही काठांवरच्या दगडांच्या रांगा स्पष्ट होत्या. कार्यालयाच्या मालकानं वकील लावला, एकदा गोड बोलायला माणूस पाठवला. अक्काने त्याला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही. प्रसादची बदली होणार अशी अफवा उठली, तेव्हा अक्का म्हणाली, "पळतोय." पण तो पळाला नाही. शेवटी ती भिंत मागं गेली, स्वयंपाकघर अर्धं उतरवलं आणि वाट पलीकडच्याच काठानं सरळ दगडी पुलाला जाऊन मिळाली. आमच्या पायऱ्या जागच्या जागी राहिल्या.

त्या काळात एकदा अक्काने प्रसादला सरळ विचारलं, "सवितानं तुला माझ्याबद्दल काय सांगितलं होतं?"

तो गोंधळला. "तुम्हाला माहीत नाही? त्या म्हणाल्या, विमलअक्काची सही मागू नका, एकदा सहीनं तिची पुढची खोली गेलीय. लागेल तेवढी जागा माझ्या अंगणातून घ्या, माझा कपडे धुवायचा दगड गेला तरी चालेल. म्हणून मी खूण त्यांच्या बाजूला सरकवली."

अक्का तिथून उठली ती थेट मावशीच्या दारात. मी मागोमाग होते. मावशी शेंगा फोडत बसली होती. आत ये म्हणाली नाही.

"सविता, माझं चुकलं," अक्का म्हणाली. एवढं बोलायला तिला किती जड गेलं ते मी बघितलं.

मावशी शेंगा फोडत राहिली. फोडता फोडताच म्हणाली, "अर्ध्या हुबळीचे दगड मोजलेस तू. परक्या लग्नात शिरलीस. आणि मी तुझ्या भिंतीला लागून. एकदा विचारायचं होतंस ना गे मला."

अक्का परत आली आणि त्या दिवशी मशीनवर बसली नाही.

या थंडीत वाट खुली झाली. समारंभाला अक्का गेली नाही. "फीत कापणाऱ्यांत कोण कोण असेल काय माहीत," म्हणाली. मावशीचे गुडघे दुखायला लागले होते, डॉक्टरनं रोज चालायला सांगितलं. ती सकाळी एकटी पलीकडच्या वाटेवर जाऊ लागली. दुसऱ्या दिवसापासून अक्का तिच्या मागं चार पावलं सोडून चालू लागली. मावशी वळून बघायची नाही, अक्का हाक मारायची नाही. दोघी दर्ग्यापर्यंत जायच्या आणि तशाच परत यायच्या. मी छतावरून बघायची.

अक्का मला विचारायची, "ती मनात काय म्हणत असेल गे? मुद्दाम हळू चालते का, मी थकावं म्हणून?"

"गुडघे दुखतात तिचे," मी सांगायची. तिला ते पटायचं नाही.

अकराव्या दिवशी मीही दोघींच्या मागून निघाले. मावशी विहिरीजवळच्या बाकाशी थांबली. खाली बसली, पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "मागं मागं किती चालशील? बस."

अक्का बसली. पण बसायच्या आधी तिने विचारलं, "खरंच बसू?"