लाईन कमी, तोंडं जास्त

पुन्हा मलेच सांगायले लावता तुम्ही. तुमच्या मोबाईलात एवढं भरलं आहे, तरी म्हाताऱ्याचं डोकं खाता. दारव्ह्याच्या हापिसात मी चपराशी, पण व्हिडिओ कॉन्फरन्सच्या पेटीपुढं मलेच बसवत. तिथं बसून किस्से इतके साचले, की कोणता आधी काढू समजत नाही.

बोंडअळीनं कपाशी खाल्ली ते दिवस. दर सोमवारी यवतमाळचे सायेब गावागावाशी बोलत. नेट असं मरतुकडं, की समद्यायची तोंडं दाखवली की समदेच अडकत. म्हणून जो बोलते त्याचंच चित्र मी चालू ठेवो, बाकीच्यायचा निस्ता आवाज.

•

ढाणकीचे एक शेठ दर वेळी कोट घालून बसत. "मी दिसून राह्यलो ना?"

"दिसून राह्यले, शेठ."

चित्र बंद. मीटिंगभर बिचारा पोट आत ओढून बसे.

•

एकदा सायबाचं चित्र जांभई देतानाच अडकलं. तोंडाचा आ तसाच. बोरी अरबची मंडळी खूश. "आपली अळी पाहून सायेब पहिल्यांदा हादरले, बाप्पा."

मी काहून सांगू? तेवढंच त्यायले बरं वाटलं.

•

फवारणीच्या दिवसांत एका सोमवारी लाईनीवर डॉक्टरही होते. बोरी अरबहून परसूची बायको सक्रूबाई मधातच बोलली, "डॉक्टर, माह्या माणसाले दिसून नाही राह्यलं. सकाळपासून फवारत होता. लाळ गळते."

"डोळे दाखवा. जवळून."

चित्र अडकलं. बाकी तोंडं बंदच होती. सायेब भाषणात होते, त्यायचंही मी बंद केलं. मंग परसूचे डोळे साफ दिसले. बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या.

आता डॉक्टरचा आवाज तुटायले लागला. म्हणून मी परसूचंही चित्र बंद केलं. तिकडं तिच्यापुढं पडदा काळा.

"माह्या माणसाले पाहून पडदा पाडला रे, मेल्या! तुह्यावरही अशीच येवो!"

माइक चालू. साऱ्या जिल्ह्यानं ऐकलं.

पण डॉक्टरचा आवाज पोचला. "फवारणीचं विष भिनलं. अंगावरचे कपडे काढा, अंग धुवा, अन् लगेच दवाखान्यात आणा." जीप निघाली. परसू वाचला.

भाषणात चित्र बंद केलं म्हणून सायेब तवा लय भडकलेते. दुसऱ्या दिवशी त्यायचाच फोन आला, "बाबा, चुकलं माझं."

परसू बाजाराले आला की हापिसात येते, पाया पडते. बायको बाहेर पिशवी धरून उभी, तोंड तिकडं.

"किती वेळा समजावलं तिले," परसू म्हणते. "ती म्हणते, मी पाह्यलं ना माह्या डोळ्यानं."

पाह्यलं असंन. पण शिव्या साऱ्या जिल्ह्यापुढं देल्या, माफी मले एकट्याले तरी मांगावी का नाही? सायबानं मांगितली. राह्यली एकच. सक्रूबाई.