ऑडिटच्या दिवशी तोंड उघडलं म्हणून

मला माल ठेवायच्या लाकडी पॅलेटवर उभं केलं आणि एबीसीडी म्हणायला लावली.

तेव्हा मी तेवीस वर्षांची. चाकणच्या एका वायर हार्नेसच्या कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर हेल्पर. गाडीच्या आत वायरींचा जो जुडगा असतो, तो आम्ही बाया बांधायचो. शिफ्ट सुटायची वेळ. समोर आमच्या लाइनच्या चाळीस बाया, मागं पुढच्या शिफ्टला आलेली पोरं, आणि मधे क्वालिटीचा मॅनेजर, हात मागं बांधून.

"मॅडमना इंग्रजी येतं," तो म्हणाला. "म्हण गं. एपासून झेडपर्यंत. मोठ्यानं."

म्हटलं. मधेच आवाज फुटला तर म्हणाला, "परत पहिल्यापासून." पोरं हसली. काही बायाही हसल्या, त्यांना हसावंच लागलं. त्यांचं मी मनात ठेवलं नाही. त्याचं ठेवलंय.

माझा गुन्हा काय, तर सकाळी मी खरं बोलले होते.

बाहेरून मालाच्या तपासणीचं ऑडिट असलं की आमच्या कंपनीत एक रीत होती. रिजेक्ट मालाचे लाल क्रेट आदल्या दिवशी टेंपोत भरायचे आणि टेंपो शेडच्या मागं नेऊन उभा करायचा. मग आम्हाला ओळीत उभं करून क्वालिटी पॉलिसी इंग्रजीत पाठ करून घ्यायची. अर्थ कुणाला ठाऊक नसायचा, विचारायचाही नसायचा. शेवटी ताकीद मिळायची. पाहुण्यानं दुसरं काही विचारलं तर मान हलवायची आणि म्हणायचं, 'नो इंग्लिश.'

त्या दिवशी तपासायला एक परदेशी बाई आली. माझ्या टेबलापाशी थांबली. विचारलं, वायरीच्या टोकाचं टर्मिनल खराब निघालं तर तू काय करतेस?

मला प्रश्न कळला. मी मुक्त विद्यापीठातून इंग्रजी घेऊन बीए करत होते, दुसऱ्या वर्षाला. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला इंग्रजीत खराखुरा प्रश्न विचारला होता आणि त्याचं उत्तर मला येत होतं. मूर्खासारखी खूश झाले मी. म्हटलं, लाल क्रेटमध्ये टाकते. ती म्हणाली, क्रेट कुठंय? मी म्हटलं, आज टेंपोत आहेत, शेडच्या मागं.

आईशप्पथ, मला चुगली करायची नव्हती. पेपर सोपा आला की पोरगी भराभर लिहीत सुटते, तशी मी बोलत सुटले. बाई सरळ टेंपोपर्यंत चालत गेली आणि तिनं ताडपत्री वर करायला लावली.

संध्याकाळी पॅलेटवरून उतरताना मॅनेजरनं आडनाव विचारलं. सांगितलं. "हां," तो म्हणाला, "म्हणजे कोट्यातली डिग्री. तरीच एवढी मस्ती."

कसला कोटा रे? परीक्षेची फी माझी, ओव्हरटाइम माझा, बसमध्ये उभ्यानं केलेला अभ्यास माझा. पण तेव्हा हे तोंडातून निघालं नाही. घरी येऊन बाथरूममध्ये नळ सोडून रडले. बाप चिखलीत एका सोसायटीच्या गेटवर वॉचमन. हिंगोलीकडून आलेला माणूस. त्याला सांगितलं तर म्हणाला, "नोकरी गेली न्हाई ना? मग गप ऱ्हा." मी त्याच्यावर चिडले नाही. गाडीगाडीला सलाम ठोकून त्याचा हात कपाळालाच चिकटलाय. पण मला गप राहायचं नव्हतं. मला त्या माणसाला रडवायचं होतं. सूड म्हणा हवं तर. सूडच होता तो, आणि अजून आहे.

मला काढून का टाकलं नाही? टाकणारच होता. पण त्या बाईनं रिपोर्टात लिहिलं की कामगारांनी आपली उत्तरं आपण द्यावीत, त्यांना तेवढं शिकवा, पुढच्या वेळी मी तपासणार. बाहेरचा मास्तर कोण आणणार? मग साहेबांना मी आठवले. माझ्याकडं न बघताच म्हणाला, "जेवणाच्या सुट्टीत शिकव यांना. हेल्परचं काम सोडून नाही हां."

दीड वर्ष शिकवलं. कॅन्टीनच्या कोपऱ्यात, डबा एका हातात धरून. खडू-फळा नव्हता. टर्मिनल हातात घ्यायचं आणि विचारायचं, हे चांगलं की खराब? खराब, तर का खराब? सांगा. राजगुरुनगरकडची कांताबाई, पन्नाशीची, अंगठा सोडून सही शिकलेली. ती पहिल्या दिवशी म्हणाली, "आमाला न्हाई यायचं बाई, आमची जीभ जड हाय." तीन महिन्यांनी तीच बाई सुपरवायझरला इंग्रजीत म्हणाली, हा माल खराब आहे, मी सही करणार नाही. त्या दिवशी मला कळलं की मी वायरी बांधायला जन्मले नाही.

मग बीए झालं. नोकरी सोडली, चिखलीत दहा बाय बाराच्या खोलीत क्लास काढला. इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट ऑनलाइन केलं. पासपोर्ट काढला. पोलीस चौकशीला आले तर आईनं त्यांना पोहे केले. परदेशात चालावी म्हणून डिग्रीवर सरकारी शिक्के मारून आणले. आणि व्हिएतनाममधल्या एका शाळेनं मुलाखत घेतली. तिथं कारखान्यातल्या कामगारांना संध्याकाळी इंग्रजी शिकवायचं. सगळं पसंत पडलं. फक्त एक कागद हवा होता. त्या दीड वर्षाचं अनुभवपत्र, कंपनीच्या लेटरहेडवर.

म्हणजे पुन्हा त्याच्या दारात.

गेले. पत्र टाइप होऊन टेबलावर तयार होतं. माझं नाव, त्याखाली 'इंग्लिश ट्रेनर'. सही तेवढी राहिली होती. त्यानं पेनाचं टोपण काढलं आणि थांबला.

"पुढच्या महिन्यात ऑडिट आहे," तो म्हणाला. "बायका हल्ली फार बोलायला लागल्यात. तुझंच पाप. एक दिवस ये, त्यांना परत 'नो इंग्लिश'वर आण. तुझं ऐकतील त्या. आलीस की लगेच सही."

एक दिवस. एका दिवसात माझं विमान. खरं सांगते, त्या कागदाकडं बघून माझ्या तोंडाला पाणी सुटलं. चार वर्षांची वणवण त्या एका सहीवर अडली होती.

मग मी बोलले. इंग्रजीत, मुद्दाम, भराभर. म्हटलं, ज्या बायांना मी बोलायला शिकवलं त्यांची तोंडं शिवायला येणार नाही. लाज वाटायला हवी तुम्हाला. आणि बरंच काही म्हटलं.

त्याचे कान लाल झाले. "मराठीत बोल गं," तो म्हणाला.

"का? कळलं नाही?"

त्यानं पेनाला टोपण लावलं. काय मजा आली म्हणून सांगू! कागद टेबलावर तसाच सोडला आणि गेटबाहेर आले.

कांताबाईला सांगितलं तर तिनं आधी मलाच झापलं. "घ्यायचा हुता की कागद, येडे! आमी काय, गप बसलो असतो एक दीस." मग स्वतःच म्हणाली, "न्हाई, बरं केलंस."

शाळेला मी लिहिलं, पत्र मिळणार नाही, कारणही लिहिलं. म्हटलं, माझं शिकवणं बघा आणि काय ते ठरवा. त्यांनी व्हिडिओवर पाठ घ्यायला सांगितला. माझ्या खोलीत विद्यार्थी म्हणून कांताबाई आणि लाइनवरच्या आणखी दोघी बसल्या. कंपनीचं नाव सांगू नका, असं मी त्यांना म्हटलं होतं. तिघींनी सांगितलं. कुणी शिकवलं, कुठं, किती दिवस, सगळं आपल्या तोंडानं इंग्रजीत सांगितलं. "काडून टाकलं तर टाकू दे," कांताबाई म्हणाली, "चाकणला काय एकच कंपनी हाय व्हय?"

शाळेनं आठ दिवसांनी हो म्हटलं. तिकीट आलंय.

मी जातेय म्हणजे तो सुटला, असं त्याला वाटत असेल. दर रविवारी सकाळी कांताबाईच्या फोनवर माझा क्लास भरणार आहे. सतरा जणींनी नावं दिलीत. आता गुड मॉर्निंग, थँक्यू यात वेळ घालवणार नाही. पहिला धडा 'नो सर'. दुसरा धडा तक्रार कशी लिहायची, कुणाला लिहायची, खाली आपलं नाव ठसठशीत कसं घालायचं. मला त्याची माफी नको. मला त्याची खुर्ची गेलेली बघायचीय, आणि ती घालवणारं वाक्य आमच्यातल्याच एका बाईच्या तोंडून निघालं पाहिजे. ते निघेपर्यंत मी शिकवत राहणार.